वहीतले पेन्सिलचे ठिपके

शाळेतून फोन आला तेव्हा मी रुग्णालयात धाकट्याच्या रक्ततपासणीचा अहवाल घेण्यासाठी रांगेत उभा होतो. थोरलीला १०२ ताप आहे, अंग थरथरते आहे आणि हा ताप बहुधा सकाळपासूनचाच असावा, असे वर्गशिक्षिकांनी सांगितले. त्याच दिवशी सकाळी मी स्वतः तिला शाळेच्या फाटकाशी सोडले होते. रोजच्यासारखी ती गळ्यात पडली नाही. दोन पावले मागे सरली, "येते बाबा" म्हणाली आणि लांबूनच हात हलवून आत गेली. ती आता मोठी होत आहे, चारचौघांत तिला लाज वाटत असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. तिचे वय तेव्हा नऊ वर्षांचे होते.

आमच्या धाकट्याला तिसऱ्या वर्षी नेफ्रॉटिक सिंड्रोम झाला. या आजारात मूत्रपिंडातील गाळणी सैल पडते आणि रक्तातील प्रथिने लघवीवाटे निघून जातात. मग शरीरात पाणी साठते आणि सूज येते. लहान मुलांमधील या आजारात दहापैकी आठांहून अधिक मुलांना स्टिरॉइड औषधाने गुण येतो, ही मोठी दिलासा देणारी गोष्ट आहे. मात्र गुण आलेल्या बहुतेक मुलांमध्ये आजार पुन्हा उलटतो, काहींमध्ये वारंवार उलटतो, आणि आमचा मुलगा या दुसऱ्या गटातला निघाला. आजार उलटला आहे की नाही हे सूज येण्यापूर्वी कळावे म्हणून रोज सकाळच्या पहिल्या लघवीत तपासणीची पट्टी बुडवायची, तिचा रंग डबीवरील रंगांशी ताडून पाहायचा आणि वहीत नोंद करायची, असा क्रम असतो. ‘निल’ (लघवीत प्रथिने नाहीत) किंवा ‘ट्रेस’ (अगदी किंचित) आले की दिवस सुखाचा. सलग तीन दिवस ‘थ्री प्लस’, म्हणजे भरपूर प्रथिने, आले की आजार उलटला असे धरतात आणि स्टिरॉइडचा मोठा डोस पुन्हा सुरू होतो. मग चेहरा गोल होतो, भूक अनावर होते, चिडचिड वाढते आणि सगळे घर त्या चिडचिडीभोवती फिरू लागते.

एका गोष्टीचा उल्लेख इथे करायलाच हवा, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. आजार उलटण्याला बरेचदा एखादा साधा संसर्ग निमित्त होतो. सर्दी, खोकला, घशाची लागण. डॉक्टरांनी आम्हाला हे पहिल्याच महिन्यात सांगितले होते आणि आम्ही ते घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होतो. "सर्दी असेल तर आज येऊ नका, आपण फोनवर बोलू," हे वाक्य मी किती जणांना ऐकवले असेल याची गणती नाही. ते वाक्य ऐकणारी एक व्यक्ती कायम त्याच घरात राहत होती आणि रोज शाळेत चाळीस मुलांमध्ये बसून परत येत होती, हे माझ्या ध्यानात आले नाही.

त्या दिवशी तिला घरी आणले, औषध दिले आणि निजवले. ती भिंतीकडे तोंड करून, उशीत नाक खुपसून झोपली होती. खोकल्याची उबळ आली की उशी दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरत होती आणि उबळ ओसरली की दाराकडे पाहत होती. मी दारातच उभा होतो. तिला ते ठाऊक नव्हते.

रात्री धाकट्याच्या नोंदींची वही उघडली. वर्षभराहून अधिक काळ सकाळची पट्टी थोरलीच वाचत असे. तिची नजर आमच्यापेक्षा चांगली, रंगातला फरक तिला चटकन कळे, आणि हे काम तिने आपणहून मागून घेतले होते. तारीख, पट्टीचा निकाल, औषधाचा डोस, वजन, असे चार रकाने तिच्या टपोऱ्या अक्षरात भरलेले असत. त्या रात्री मला पहिल्यांदा दिसले की काही तारखांच्या डाव्या बाजूला, समासात, पेन्सिलने काढलेले बारीक ठिपके आहेत. काही ठिकाणी एक, काही ठिकाणी सलग चार-पाच दिवस. त्या दिवसाच्या तारखेपुढे ठिपका होता. आदल्या दिवसापुढेही होता.

दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर मी तिला विचारले. वही पुढ्यात ठेवली नाही. नुसते विचारले की ते ठिपके कशाचे आहेत. ती बराच वेळ पांघरुणाची कड चाळवत राहिली. मग म्हणाली, "ती माझी सर्दी आहे." आणि थोड्या वेळाने, "नंतर त्याचं थ्री प्लस येतं का, ते मी बघते."

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने आपल्या सर्दीचा आणि भावाच्या आजाराचा हिशेब चौदा महिने एकटीने ठेवला होता.

त्यानंतरचे काही दिवस मी आणि पत्नी, आम्ही दोघांनी स्वतःला फार बोल लावला. एकदा, रुग्णालयातून थकून आल्यावर, पत्नीच्या तोंडून "शाळेतून काय घेऊन आलीस बघ" असे शब्द निघून गेले होते. ते तिला आठवले आणि ती रडली. मला माझी स्वतःची वाक्ये आठवली. "आमची थोरली फार समजूतदार आहे, तिचा काही त्रासच नाही," असे मी तिच्यादेखत किती कौतुकाने सांगत असे. तिने काही मागितले नाही की तिला शाबासकी मिळे. सोमवारी सकाळी तिच्या पोटात दुखे, ते आम्ही तिच्या नाश्त्याच्या टाळाटाळीवर घातले होते. तिची गुणपत्रिका उत्तम होती, आणि चांगल्या गुणपत्रिकेकडे कोण दुसऱ्यांदा पाहतो?

पुढच्या भेटीत धाकट्याची तपासणी झाल्यावर मी मुलांच्या मूत्रपिंडविकारतज्ज्ञ डॉक्टरांना वहीची पाने दाखवली. त्यांनी ती शांतपणे चाळली आणि विचारले, "ती कुठे आहे? तिला कधी आणलं नाहीत तुम्ही." खरेच आणले नव्हते. वॉर्डात लहान मुलांना प्रवेश नव्हता, म्हणून धाकटा दाखल असताना ती एकदाही आत गेलेली नव्हती; तीन वर्षांत ती जागा तिने केवळ आमच्या चेहऱ्यांवरून कल्पिली होती. डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या. पुढच्या वेळी मुलीला वहीसकट घेऊन यायला सांगितले आणि आम्हाला बालमानसतज्ज्ञांकडे पाठवले.

मानसतज्ज्ञांकडची पहिली भेट फक्त आम्हा दोघांची होती. त्या म्हणाल्या, "थोरलीविषयी सांगा." मी सांगू लागलो, आणि दोन मिनिटांत मी धाकट्याच्या औषधांवर पोहोचलो होतो. त्यांनी मला मध्येच थांबवले आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा तिकडेच वळलो. असे तिसऱ्यांदा झाले तेव्हा मी गप्प बसलो. मग त्यांनी लहान लहान प्रश्न विचारले. तिची सध्याची जवळची मैत्रीण कोण? तिला कशाची भीती वाटते? ती शेवटची कधी रागावली? या शेवटच्या प्रश्नावर पत्नी म्हणाली, "ती रागावतच नाही," आणि हे सांगताना तिच्या आवाजात अभिमान होता. मानसतज्ज्ञांनी वहीत काही लिहिले आणि म्हणाल्या, "नऊ वर्षांचं मूल रागावत नसेल, तर तो राग कुठे तरी ठेवलेला असतो. आपण ती जागा शोधू."

दीर्घकाळ आजारी असलेल्या मुलांच्या भावंडांवर अभ्यास झालेले आहेत, हे मला त्यांच्याकडून समजले आणि मग मी स्वतः वाचू लागलो. डोनाल्ड शार्प आणि लुसिल रॉसिटर या संशोधकांनी २००२ साली असे ५१ अभ्यास एकत्र करून तपासले होते. एकंदर परिणाम प्रतिकूल, पण फार मोठा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या आजारांत रोजचे उपचार घरच्या दिनक्रमालाच व्यापतात, तिथे भावंडांवरचा परिणाम अधिक दिसला. हे त्रास मारामारी, उलटून बोलणे अशा बाहेर दिसणाऱ्या वागण्यापेक्षा आत दबलेली काळजी आणि खिन्नता यांच्या रूपाने जास्त आढळतात, हेही वाचनात आले. शार्प आणि रॉसिटर यांच्या एका मुद्द्यापाशी मी बराच अडखळलो. आईवडिलांनी भावंडांविषयी दिलेली माहिती ही भावंडांनी स्वतःविषयी दिलेल्या माहितीपेक्षा अधिक काळजीची निघाली होती. याचा एक अर्थ असा की पालक उगाच घाबरतात आणि मुले त्यांच्या कल्पनेपेक्षा बळकट असतात. दुसरा अर्थ असा की ‘तू ठीक आहेस ना?’ असे विचारले की ही मुले ‘हो’ म्हणतात, कारण त्या उत्तराची घरात किती गरज आहे ते त्यांना कळलेले असते. आमच्या घरात मात्र तिसराच प्रकार होता. तिला कुणी विचारलेच नव्हते, आणि आम्हालाही काळजी वाटलेली नव्हती.

डॉक्टरांकडे वही घेऊन जाण्याचा दिवस मला तपशिलाने आठवतो. तिने ती दप्तरात न ठेवता छातीशी धरली होती. डॉक्टरांनी धाकट्याला परिचारिकेबरोबर वजन करायला पाठवले, स्वतःची खुर्ची टेबलाच्या अलीकडे आणली आणि तिला म्हणाले, "तू नोंदी फार नीट ठेवल्या आहेस. आता आपण दोघं मिळून मोजू." मला वाटत होते की ते तिला ताबडतोब सांगतील, ‘बाळ, तुझा याच्याशी काही संबंध नाही.’ मीसुद्धा घरी तेच सांगणार होतो आणि मानसतज्ज्ञांनी मला अडवले होते. त्यांचे म्हणणे असे होते की संसर्गाने आजार उलटू शकतो हे तिने तुमच्याच तोंडून शंभरदा ऐकले आहे. आता तुम्ही ‘काही संबंध नाही’ म्हणालात, तर तिला कळेल की तुम्ही तिला बरे वाटावे म्हणून खोटे बोलत आहात, आणि मग पुढचेही काही तिला खरे वाटणार नाही.

त्यांनी मोजले. चौदा महिन्यांत तिला सर्दी-खोकला झाल्याच्या ठिपक्यांचे अकरा गट होते. त्याच काळात धाकट्याचा आजार चार वेळा उलटला होता. डॉक्टरांनी विचारले, "तुझ्या सर्दीनंतर पंधरा दिवसांच्या आत किती वेळा?" तिने बोट फिरवत फिरवत पाहिले. दोन वेळा. "मग उरलेल्या दोन वेळी?" तेव्हा तिला सर्दी नव्हती. "आणि तुझ्या उरलेल्या नऊ सर्द्यांनंतर?" काहीच झाले नव्हते. ती पाने पुन्हा मागे उलटून पाहू लागली, जणू तिचा विश्वास बसत नव्हता. तिने स्वतः टिपलेल्या नोंदींत ते नऊ वेळा होते, पण तिच्या मनात मात्र त्या दोनच वेळा राहिल्या होत्या.

मग डॉक्टरांनी तिला समजावले ते असे. सर्दीमुळे तुझ्या भावाला हा आजार झालेला नाही; आजार त्याच्या शरीरात आधीपासून आहे. सर्दी कधी कधी त्याला जागं करते. ती सर्दी शाळेतून येते, बसमधून येते, माझ्या या दवाखान्यातूनही येते, आणि कधी काहीच कारण नसताना आजार उलटतो. सर्दी कुणी कुणाला देत नाही, ती होते. "आणि एक लक्षात ठेव," ते म्हणाले, "तुला सर्दी झाली की तू त्या दिवशी पेशंट असतेस. तू लपवलंस तर मला दोन पेशंट तपासता येत नाहीत." ती हसली नाही, पण तिने वही टेबलावर ठेवली.

मानसतज्ज्ञांकडच्या भेटी आठवड्याला एक याप्रमाणे सुरू झाल्या. आम्हाला घरी करण्यासाठी त्यांनी फार थोड्या गोष्टी सांगितल्या, आणि त्यातील पहिलीच आम्हाला सर्वांत जड गेली. ‘समजूतदार’ हा शब्द तिच्यासाठी वापरायचा नाही. तो शब्द बोलण्यातून काढू गेल्यावर मला कळले की मी तिच्याविषयी दुसरे काही बोलतच नव्हतो. ती चित्रे छान काढते, तिला उंचीची भीती वाटते, ती झोपेत बडबडते, तिला गणितापेक्षा भूगोल आवडतो, हे सगळे मला पुन्हा शोधून काढावे लागले.

दुसरी गोष्ट म्हणजे रोजचा अर्धा तास, फक्त तिच्याबरोबर, आम्हा दोघांपैकी एकाने. त्या अर्ध्या तासात भावाचा विषय तिने काढला तरच निघायचा. पहिले दोन आठवडे हे नीट चालले. तिसऱ्या आठवड्यात धाकट्याची पट्टी सलग तीन दिवस थ्री प्लस आली, डोळ्यांवर सूज चढली, आम्ही रुग्णालयात गेलो आणि अर्धा तास बुडाला. पाच दिवस बुडाला. तिने एका शब्दानेही विचारले नाही. मानसतज्ज्ञांना मी हे सांगितले तेव्हा त्या जराशा कठोर झाल्या. अर्धा तास बुडणे हा गुन्हा नाही, पण तो बुडाला आहे हे कुणी बोललेच नाही, यातून तिने काय समजावे, असे त्यांनी विचारले. तेव्हापासून आम्ही बुडालेला वेळ मोठ्याने बोलून दाखवू लागलो. "आज आपला अर्धा तास झाला नाही. मला वाईट वाटलं. परवा संध्याकाळी आपण एक तास बसू." आणि परवा संध्याकाळी बसायचेच. अनुभवाने सांगतो, वेळ देण्यापेक्षा हा शब्द पाळणे कठीण असते, आणि मूल लक्ष ठेवून असते ते त्यावरच.

तिसरी गोष्ट पट्टी वाचण्याच्या कामाची. माझा पहिला आवेग तिच्याकडून ते काम तत्काळ काढून घेण्याचा होता. मानसतज्ज्ञांनी त्यालाही नकार दिला. भावाच्या आजारपणात आपला काही उपयोग होतो याचा तिला अभिमान आहे. ते काम एकदम काढून घेतले तर ती शिक्षा वाटेल. तिलाच विचारा, म्हणाल्या. विचारल्यावर तिने दोन दिवस घेतले आणि सांगितले, "मी रविवारी वाचेन. बाकीचे दिवस तुम्ही वाचा." आणि मग, अगदी हळू, "सकाळी उठल्यावर मला आधी भीती वाटते." इतके दिवस रोज सकाळी घरातली वाईट बातमी सर्वांत आधी एका लहान मुलीला कळत होती आणि ती आम्हाला सांगण्याची जबाबदारीही तिचीच होती. याला जबाबदारीची जाणीव म्हणून आम्ही नावाजले होते.

राग यायला सुमारे दीड महिना लागला. एका संध्याकाळी धाकट्याने स्टिरॉइडच्या चिडचिडीत तिचे रंगवत आणलेले चित्र फाडले. नेहमीप्रमाणे पत्नीच्या तोंडून "जाऊ दे गं, त्याला बरं नाहीये" निघून गेले, आणि थोरली किंचाळली. "त्याला कधीच बरं नसतं! त्याला हॉस्पिटलमध्येच ठेवा! मला नको आहे तो!" धाकटा घाबरून रडू लागला. मी तिला दुसऱ्या खोलीत नेले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर माझाही हात रागाने थरथरत होता. ‘असं बोलतात का भावाला’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले आणि तिच्याजवळ जमिनीवर बसलो. "चित्र फाटलं. आठवडाभर करत होतीस तू," एवढेच म्हणालो. ती कितीतरी वेळ रडली. रडणे थांबल्यावर तिने विचारले, "मी असं बोलले म्हणून त्याला आता काही होईल का?"

तो प्रश्न ऐकून मला पहिल्यांदा वाटले की ठिपक्यांच्या खाली आणखी काही तरी आहे. पुढच्या भेटीत मी तो प्रश्न जसाच्या तसा मानसतज्ज्ञांना सांगितला. त्यांनी तिला चित्रांची एक मालिका काढायला दिली: भाऊ आजारी पडला तो दिवस, त्याच्या आदला दिवस आणि त्याच्या नंतरचा दिवस. आम्ही सगळे ‘तो दिवस’ घेऊन बसलो होतो. आदला दिवस कुणी विचारलाच नव्हता. तिने आदल्या दिवसाच्या चित्रात दोन मुले काढली होती, आणि मोठीच्या हातात उशी होती.

तेव्हा ती सहा वर्षांची होती. झोपण्यापूर्वी दोघांचे खेळण्यावरून भांडण झाले आणि तिने त्याच्या तोंडावर उशी मारली. तो रडला आणि झोपी गेला. सकाळी उठला तेव्हा त्याचे दोन्ही डोळे सुजलेले होते. या आजाराची पहिली खूण बहुतेक वेळा हीच असते. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज. आम्हाला वाटले होते ॲलर्जी असेल. तिला वाटले होते उशी. मग डॉक्टर, सुया, रुग्णालय, आईवडिलांची धावपळ, तिला नातेवाइकांकडे ठेवणे, हे सारे त्या उशीमागून आले. तिने तीन वर्षे हे कुणालाही सांगितले नव्हते.

मानसतज्ज्ञांनी आम्हाला नंतर समजावून सांगितले. आपल्या मनात आलेल्या किंवा आपण केलेल्या एखाद्या गोष्टीमुळेच भोवतालचे सारे घडते, असे साधारण सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांना सहज वाटते. जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी बालविचाराच्या या टप्प्याचे सविस्तर वर्णन केलेले आहे. वय वाढले की ही विचारपद्धती सुटते, पण त्या वयात धरून ठेवलेली अपराधाची भावना आपोआप सुटत नाही, कारण मूल ती कुणापुढे मांडत नाही. पुढे आमचे ‘सर्दीने आजार उलटतो’ हे बोलणे तिच्या कानी पडले तेव्हा त्याला आधीच तयार असलेली जागा मिळाली. आजार कसा होतो हे आम्ही धाकट्याला गोष्टीच्या रूपाने दोन-तीनदा सांगितले होते. थोरलीला मात्र कधीच समोर बसवून सांगितले नव्हते. ती कानावर पडेल ते जोडत गेली.

त्या रात्री आम्ही दोघांनी तिला समोर बसवून सुरुवातीपासून सांगितले. गाळणी म्हणजे काय, ती सैल का पडते, ती सैल पडायला काही दिवस आधीच सुरुवात झालेली असते आणि सूज सर्वांत शेवटी दिसते. "म्हणजे मी उशी मारली तेव्हा ते आधीच सुरू झालेलं होतं?" तिने विचारले. हो, आधीच सुरू झालेले होते. तिने हाच प्रश्न त्या आठवड्यात आणखी चार वेळा विचारला, वेगवेगळ्या वेळी, एकदा तर स्नानगृहाच्या दाराआडून. प्रत्येक वेळी आम्ही तेच उत्तर पूर्ण दिले. "सांगितलं ना एकदा" असे म्हणायचे नाही, एवढे पथ्य पाळले.

भावंडांचे गट हा प्रकार मला ठाऊक नव्हता. अमेरिकेत डॉन मायर यांनी १९८२ साली अशा भावंडांसाठी ‘सिबशॉप’ नावाचे खेळीमेळीचे मेळावे सुरू केले, आणि पुढे ते अनेक ठिकाणी पसरले. आमच्या रुग्णालयात तशी सोय नव्हती, पण मानसतज्ज्ञांनी चार कुटुंबांना विचारून महिन्यातून एका शनिवारी चार मुलांना एकत्र आणायला सुरुवात केली. कुणाच्या बहिणीला मधुमेह, कुणाच्या भावाला रक्ताचा आजार. पहिल्या भेटीहून परतताना तिने मला सांगितले, "तिथे एक मुलगा म्हणाला की त्याला कधी कधी वाटतं, आपणच आजारी पडावं, म्हणजे आई आपल्याजवळ झोपेल." आणि मग खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मला वाटायचं असं फक्त मलाच वाटतं." आम्ही दोघांनी वर्षभर दिलेल्या धीरापेक्षा त्या अनोळखी मुलाच्या एका वाक्याने अधिक काम केले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो.

शाळेलाही सांगितले. वर्गशिक्षिकांना फक्त इतकेच, की घरी भाऊ दाखल असेल त्या आठवड्यात आम्ही एक चिठ्ठी पाठवू. तिला विशेष वागणूक नको, पण गृहपाठ राहिला तर सर्वांसमोर विचारू नये. हे सांगायच्या आधी तिची संमती घेतली. सोमवारचे पोटदुखणे हळूहळू कमी झाले, पूर्ण गेले मात्र नाही. भाऊ दाखल झाला की ते परत येते, आणि ते येणार हे आता आम्हाला माहीत असते.

मागच्या महिन्यात एका रात्री दोनच्या सुमारास कुणीतरी माझा खांदा हलवला. थोरली उभी होती. "बाबा, मला ताप आलाय. घसा पण दुखतोय." एवढे बोलून ती तिथेच उभी राहिली, मागे सरली नाही. मी तापमापी लावली, १०१. औषध दिले, पाणी दिले, तिच्या अंथरुणाशी बसलो. ती मोकळेपणाने खोकत होती. पलीकडच्या खोलीत धाकटा झोपला होता, आणि मी खोटे का बोलू, पहिला विचार माझ्याही मनात त्याचाच आला. पण तो मी तोंडावर येऊ दिला नाही, आणि पुढच्या काही मिनिटांत तो खरोखरच मागे पडला. तिचे कपाळ तापले होते आणि तिला गोष्ट ऐकायची होती.

गोष्ट संपल्यावर मी सवयीने नोंदींची वही ओढली. औषधाची वेळ टिपून ठेवावी, म्हणजे पुढचा डोस चुकणार नाही, एवढाच हेतू होता. तिने डोळे किलकिले करून पाहिले आणि माझा हात धरला.

"त्याच्या वहीत नको. मला माझी वेगळी वही आणा."

कोणत्या रंगाची, असे मी विचारले. तिने बराच वेळ विचार केला आणि हिरवी सांगितली. मग रेघांची नको, कोरी हवी, म्हणजे चित्रंही काढता येतील. आणि उद्याच हवी.